घरी कोण राहणार

बैठक रविवारी ठरली हे कळलं, तेव्हाच ताईने ओळखलं की निकाल आधीच लागलेला आहे. दादाची बँक रविवारी बंद, वहिनीची शाळा रविवारी बंद, बाळची फिरतीही रविवारी बंद. म्हणून रविवार सगळ्यांना सोयीचा. नेमकं रविवारीच ताईच्या पार्लरमध्ये बायकांना टेकायला खुर्ची मिळत नाही, हे त्या ‘सगळ्यां’च्या गावीही नव्हतं. तिने गिऱ्हाइकांना फोन करकरून सोमवारवर ढकललं, हाताखालच्या दोघी मुलींना काय करायचं ते सांगितलं आणि बोटांना लागलेला केसांचा रंग पुसत जिना चढली. दुकान तळमजल्यावर, घर त्याच इमारतीत वर. ‘खालीच तर आहे’ असं घरातले म्हणत, आणि त्या ‘तर’मध्ये तिची अठरा वर्षं गडप होत.

आई मागेच गेली होती, आणि आता वडिलांना, नानांना, अर्धांगाचा झटका येऊन महिना होत आला होता. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली. बोलायचे ते पुष्कळ, पण शब्द तोंडातच विरघळून बाहेर पडायचे, आणि ते सबंध घरात एकट्या बाळला कळायचे. बाळ म्हणजे शेंडेफळ. चाळिशीला टेकला, टक्कल पडायला लागलं, तरी बाळ तो बाळच. महिनाभर ज्याने त्याने रजा काढून निभावलं. आता रजा संपल्या. पगारी माणूस ठेवून पाहिला. पहिली बाई आली, तिच्या अंगावर नानांनी डाव्या हाताने सूपचा वाडगा उपडा केला. मग एक माणूस आला, तो ‘आजोबा, आ करा आजोबा’ असं लाडंलाडं बोलू लागला. त्याच्याशी नानांनी असा अबोला धरला की तो बिचारा आपणहून निघून गेला. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. शरीर अंथरुणाला लागलं तरी रुबाब काही अंथरुणाला लागला नव्हता.

“तर मुद्दा असा आहे,” दादाने सुरुवात केली. दादा बँकेत अधिकारी; घरातली भाजी कुठली आणायची हेसुद्धा तो मुद्दा म्हणून मांडायचा. “नानांजवळ दिवसभर घरचं माणूस हवं. भावना बाजूला ठेवून व्यवहाराने बघू. माझी बदली तोंडावर आलीय. हिच्या शाळेत परीक्षा. बाळला महिन्याचा कोटा पुरा करावा लागतो, नाहीतर कंपनी दारात उभं करणार नाही. बाळची बायको, धाकटी, औषधांच्या कारखान्यात पाळीप्रमुख. तिला तर आज रविवार असूनही सुट्टी नाही.”

एवढं बोलून तो थांबला. एकेकाच्या नोकरीची आरती ओवाळून झाली होती आणि आता ताट ताईसमोर येऊन थांबलं होतं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे तिच्याकडेच बघत होते.

“तुझं काय गं ताई, तुझं स्वतःचंच आहे,” दादा म्हणाला. वयाने तो मोठा, पण घरात सगळे तिला ताईच म्हणत. “वर कुणी साहेब नाही, कुणाला विचारायला नको. शटर ओढलं की झालं.”

“आणि बाईमाणूस जवळ असलं की आजारी माणसाला बरं वाटतं,” वहिनी हळूच म्हणाली.

“वहिनी, बाईमाणूस तर तुम्हीपण आहात की,” ताई म्हणाली.

“अहो, पण माझी नोकरी...” वहिनी म्हणाली आणि तिथेच अडखळली. ती वाईट बाई नव्हती. आपण काय बोलून गेलो हे तिला तिच्याच कानांनी ऐकू आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली.

ताईला राग यायला हवा होता. आला नाही, डोळ्यांसमोर दुकान आलं. खालच्या तीन खुर्च्या, तो मोठा आरसा, केसांवर रंग चढत असताना बायका सांगतात ती सुखदुःखं, हाताखालच्या मुलींपैकी एकीचं सगळं घर तिच्या पगारावर चाललेलं. ते शटर एकदा ओढलं की पुन्हा वर जाणार नाही, हे तिला लख्ख माहीत होतं. बायका दुसरीकडे जातील, आणि केस कापणारी एकदा बदलली की बाई परत फिरत नाही. नवरा बदलणं एक वेळ सोपं.

पण नानांच्या लेखी ते दुकान नव्हतंच. नानांचे वडील गोदामात पोती वाहायचे आणि आई लोकांच्या घरची भांडी घासायची. नानांना कचेरीत चिकटून पहिला पगार झाला, त्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, उद्यापासून तू कुठे जायचं नाहीस. लग्न झालं तेव्हा बायकोलाही तेच. ‘आमच्या घरातली बाई कामाला जात नाही,’ हे ते अशा थाटात सांगत की जणू खांद्यावर शाल पडलीय. चार पायऱ्या चढून आपण वर आलो याची त्यांच्याजवळ दोनच प्रमाणं होती: अंगात इस्त्रीचा शर्ट आणि घरात बसलेली बायको. मग ताई लग्न मोडून परत आली आणि तिने खाली पार्लर काढलं. आता याला काय म्हणावं? नानांनी तोड काढली. कुणी विचारलं की ते म्हणत, “घरीच असते. जरा छंद आहे तिला.” त्या छंदावर विजेचं बिल भरलं जायचं, नानांची औषधं यायची, गळकं छत बुजलं होतं. बोलायचं मात्र कुणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“मी राहतो,” बाळ म्हणाला.

कुणी लक्ष दिलं नाही. बाळचं बोलणं ऐकायची घराला सवयच नव्हती. त्याने घसा खाकरला. “मी राहतो म्हणतोय. नानांजवळ.”

“म्हणजे आज रात्री? बरं होईल,” दादा म्हणाला.

“आज रात्री नाही रे. कायमचा. नोकरी सोडून.”

दादाचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. बाळ कचेऱ्याकचेऱ्यांतून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. यंत्रं फारशी खपत नसत, पण गळ्यात टाय असायचा, आणि त्या टायचं घराला कोण कौतुक!

“वेडबिड लागलंय का तुला? पुरुषमाणूस घरी बसणार? बायकोच्या जिवावर?”

“नानांचं बोलणं मलाच कळतं, दादा. त्यांना उचलायचं कसं ते मला शिकवलंय हॉस्पिटलात. आणि खरं सांगू? मला जमतंय ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी करतोय जे मला जमतंय.”

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की ताईला भडभडून आलं. पण लगेच मागोमाग दुसरंही काही आलं, आणि त्याची तिला लाज वाटली. तिला गिऱ्हाइकं आठवली. त्याच खुर्च्यांवर बसून बायका म्हणायच्या, ‘अगं, अमकीचा नवरा म्हणे घरी बसलाय,’ आणि आरशात सगळ्या एकमेकींकडे बघून हसायच्या. ताईही हसायची. उद्या त्याच खुर्चीवर तिच्या भावाचं नाव निघेल. आपलं दुकान वाचतंय आणि आपल्याला चिंता पडलीय ती भावाच्या टायची! स्वतःच्या नावाने तिने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

“लोक काय म्हणतील याचा विचार केलायस?” दादाचा आवाज चढला. “उद्या माझ्या पोरीचं लग्न जमवताना कुणी विचारलं, मुलीचे काका काय करतात, तर मी काय सांगू?”

“सांगा, आजोबांचं करतात,” दारातून उत्तर आलं. बाळची बायको, धाकटी, कामाची पाळी संपवून तशीच आली होती. कारखान्यातल्या टोपीचा वळ अजून कपाळावर उमटलेला. तिने चपला काढल्या आणि सरळ येऊन बाळशेजारी बसली. “आमचं दोघांचं बोलणं झालंय, दादा. आणि बायकोच्या जिवावर म्हणजे काय हो? नानांनी जन्मभर छाती फुगवून सांगितलं, माझी बायको घरी असते. मीपण सांगेन, माझा नवरा घरी असतो. त्यांची शान वाढली, मग माझी का घटावी?”

पहिल्यांदा हसली ती वहिनी. हसू दाबायला तिने पदर तोंडाला लावला, तरी फुटलंच. दादाने तिच्याकडे असं बघितलं, जणू स्वतःच्याच पक्षातलं मत फुटलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून दणका आला. नाना डाव्या हाताने भिंत बडवत होते.

सगळे आत धावले. नाना उशांना टेकून बसले होते, डोळे लाल. भिंतीपलीकडचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. जीभ गेली होती, कान नव्हते गेले. ते बाळकडे बघून काहीतरी लांबलचक बोलले. बाळ खाली बघत उभा राहिला.

“काय म्हणाले?” दादाने विचारलं.

“म्हणाले, मी मेलो तरी चालेल, पण मुलाला घरी बसवणार नाही.”

मग नानांनी चांगला हात उचलला आणि ताईकडे बोट केलं. पुढचे तीन शब्द सगळ्यांनाच कळले.

“ती... आहे... ना.”

दादा खिडकीबाहेर बघू लागला. बैठकीत जे तो स्वतः बोलला होता, तेच वडिलांच्या तोंडून ऐकताना त्याला टोचलं असावं.

ताई पलंगाच्या कडेला बसली. नानांचा तो बोट केलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“नाही नाना,” ती म्हणाली. “मी नाहीये. मी खाली असते. तुम्ही त्याला छंद म्हणता, म्हणा. पण मी सकाळी तिथे कामाला जाते आणि संध्याकाळी दमून येते, जसे तुम्ही यायचात. आजीला लोकांच्या दारात जावं लागायचं, म्हणून तुम्हाला वाटतं, कामाला जाणारी बाई म्हणजे लाचार. मी लाचार नाही हो. मला आवडतं ते. आणि हे घर त्याच्यावर चालतं, हे तुम्हालापण ठाऊक आहे.”

नानांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सोडला नाही.

“आणि एक सांगते, रागावू नका. परवा बाळ नव्हता तेव्हा मी तुमचं अंग पुसलं. सगळा वेळ तुम्ही डोळे मिटून घेतले होते. लेकीपुढे लाजत होतात. बाळ पुसतो तेव्हा तुम्ही त्याच्या अंगावर पाणी उडवता. बाहेर ऐकू येतं मला. मग उगाच माझं नाव कशाला घेता?”

नानांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलत होते. ताईलाही रडू आवरेना, तरी हात काही तिने सोडला नाही. म्हाताऱ्या, आजारी बापाला असं ‘नाही’ म्हणणं किती जड, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शेवटी वहिनीच पुढे झाली. “असं करू. भावजी राहू देत इथे. दर शनिवारी मी येईन, म्हणजे त्यांनापण एक दिवस सुट्टी. सुट्टीशिवाय काम कुणी करतं का?” आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “आणि रविवारी हे येतील. रविवार सगळ्यांना सोयीचा असतो ना.”

दादाने मान हलवली. हो म्हणून की हरलो म्हणून, ते कळलं नाही. पण जाताना त्याने बाळच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

बाळने नोकरी सोडली. नानांनी आता विरोध सोडला होता, पण एक अट घातली होती. बाळनेच ती सगळ्यांना अनुवाद करून सांगितली: कुणी आलंगेलं तर सांगायचं, बाळ रजेवर आहे. तेव्हापासून बाळ रजेवर होता. शेजाऱ्यांना रजेवर, औषधवाल्याला रजेवर, रिपोर्ट द्यायला येणाऱ्याला रजेवर. सांगताना त्याची नजर आपोआप खाली जायची. इतकी लांब रजा कुठली कंपनी देते, असं विचारायचं सौजन्याने कुणी टाळलं.

सकाळी दुकानाचं शटर उघडण्याआधी ताई डोकावायची. एकदा बाळ नानांची दाढी करत होता. अठरा वर्षं कात्री-वस्तरा हातात धरलेली बाई दारात उभी, आणि समोर हा गाल ताणायच्या ऐवजी नाक ओढतोय! हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त, कानाखाली एक पट्टा तसाच राहिलेला. तिचे हात नुसते शिवशिवले. पण नाना डोळे मिटून, मान मागे टाकून असे निवांत पडले होते की ती उंबऱ्यातच थांबली. वाईट दाढी चालली होती, पण चालली होती त्या दोघांची. तिने त्यात हात घातला नाही.

नंतर मोरीत वस्तरा धुताधुता बाळ तिला म्हणाला, “आज नाना काय सांगत होते माहितीये? शाळेत मुलं विचारायची, तुझी आई काय करते. हे म्हणायचे, घरी असते. एकदा असंच सांगून वर्गाबाहेर आले, तर समोरच्या घराच्या मागच्या दारात आजी भांडी घासत बसलेली. तिने ऐकलं होतं म्हणे. संध्याकाळी जेवायला वाढलं तिने, आणि नानांना घास गिळवेना.”

“हे आपल्याला कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.”

“कुणालाच नव्हतं. आईलासुद्धा नाही. सांगितलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.” बाळने टॉवेल झटकला. “मीपण काय बोलणार? म्हटलं, हलू नका, वरचा ओठ राहिलाय.”

आणि मग एका दुपारी साहेब आले.

साहेब म्हणजे नानांचे वरिष्ठ. ज्यांच्यापुढे नाना नोकरीभर कधी खुर्चीत बसले नाहीत, ज्यांचा शब्द घरात तीस वर्षं देवाच्या शब्दाच्या जरासाच खाली होता, ते काठी टेकत, धापा टाकत जिना चढून आले. बाळने खाली निरोप धाडला. ताई एका बाईच्या डोक्याला रंग लावून नुकतीच हात धुवत होती. तशीच अंगात कामाचा एप्रन, त्यावर कापलेले केस, वर आली आणि चहा ठेवला.

आत बाळ खांद्यावर टॉवेल टाकून नानांना सूप भरवत होता. साहेबांना बघून नानांनी उठायची केविलवाणी धडपड केली. बाळने त्यांना काखेत धरून सरळ बसवलं.

“असू द्या, असू द्या,” साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांची नजर बाळवर गेली. “काय चिरंजीव, आज कामाचा दिवस ना? घरी कसे?”

ताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

नाना काहीतरी बोलले. तिच्या लक्षात आलं की आताशा तिलाही त्यांचं थोडंथोडं कळायला लागलंय. जे कळलं त्यावर तिचा विश्वास बसेना.

साहेबांनी कानामागे हात धरला. “काय म्हणतात?”

बाळच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. त्याने पटकन चमचा वाडग्यात ठेवला, खाली बघितलं आणि म्हणाला, “म्हणतात, रजेवर आहे मी. चार दिवस.”

फाडकन आवाज झाला. नानांनी डावा हात पलंगाच्या कडेवर आपटला होता. ते पुन्हा बोलले. या वेळी सावकाश. एकेक शब्द दाताखाली धरून, फोडून, बाहेर काढल्यासारखा. कपाळावर घाम आला तरी थांबले नाहीत. बोलून झाल्यावर साहेबांकडे नाही, बाळकडे बघत राहिले.

बाळ खांद्यावरच्या टॉवेलची घडी करू लागला. ताईला वाटलं आपण सांगून टाकावं, तोंडावर आलंच होतं. पण हे बाळनेच म्हणायला हवं होतं. नाना त्याच्याचसाठी हात आपटत होते.

नानांनी तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा बाळने तो वरच्यावर धरला.

“सांगतो, नाना. सांगतो.” तो साहेबांकडे वळला. “साहेब, नाना म्हणतात... तो खोटं बोलतोय, मीच शिकवलं होतं त्याला. म्हणतात, त्याने नोकरी सोडलीय. तो घरी असतो. माझं सगळं तो करतो, आणि...” इथे त्याचा आवाज फाटला. “आणि म्हणतात, उत्तम करतो.”

साहेबांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि अगदी हळू म्हणाले, “नशीबवान आहात. माझे दोघेही मुलगे मोठ्या हुद्द्यावर आहेत. मला मलम लावायला पगारी बाई येते, पाच वाजता.”

ताईने चहा पुढे केला. साहेबांनी तिच्या एप्रनकडे, त्यावरच्या केसांकडे बघितलं. “आणि ही कन्या ना? तुम्ही सांगायचात ती, घरी असते ती?”

ताईने सवयीने हो म्हणायला तोंड उघडलं. नानांनी मान हलवली. नाही, नाही. ते तिच्याकडे वळले, ओठ आवळले आणि झटका आल्यापासून पहिल्यांदाच असं बोलले की कुणाला अनुवाद करावा लागला नाही.

“तू... जा. कामावर... जा. बाई... खोळंबलीय.”

ताईने ट्रे तिथेच ठेवला आणि जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यात तिला हुंदका आला, पण थांबायला वेळ नव्हता. खाली एका बाईच्या डोक्यावरचा रंग वाळत चालला होता.